चर्चला घाम डार्विनने फोडला नव्हता

धर्म विरुद्ध विज्ञान हा वाद मराठीत पेटला की थोड्याच वेळात कुणीतरी एकोणिसाव्या शतकातला युरोप मध्ये आणतोच. एकजण सांगतो की डार्विनचं पुस्तक आलं, चर्च उघडं पडलं, शिकल्यासवरल्या लोकांनी देव सोडला आणि तुम्ही अजून तिथेच बसलाय. दुसरा म्हणतो की ते त्यांच्या धर्माचं दुखणं होतं, त्यांचा देव एका पुस्तकात अडकलेला, आपलं तसं नाही, आणि शेवटी श्रद्धा हा अनुभवाचा विषय आहे तिथे तर्क लावायचाच कशाला. दोघांनाही आपापल्या लोकांचे लाइक मिळतात आणि वाद जिथे होता तिथेच राहतो. मला दोघांचंही पटत नाही. आणि गंमत अशी की ज्या शतकाचा हे दोघं दाखला देतात, त्या शतकातल्या माणसांनी ही दोन्ही वाक्यं तेव्हाच तासून, उलटीपालटी करून, त्यातली हवा काढून ठेवलेली आहे, फक्त ते वाचायचे कष्ट घ्यायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्राला बसलेला सगळ्यात मोठा हादरा विज्ञानाचा नव्हता. तो इतिहासाचा होता, आणि त्याहून जास्त नीतीचा होता. म्हणजे 'जग सहा दिवसांत झालं का' हा प्रश्न त्यांना जेवढा टोचला त्याच्या कितीतरी पट 'हा देव न्यायी आहे का' हा टोचला. आणि हे प्रश्न विचारणारे बहुतेक आतलेच होते, धर्मशास्त्र शिकलेले, पाद्री व्हायला निघालेले, एकदोन तर चक्क बिशप. 'श्रद्धा तर्काच्या पलीकडे' हे उत्तरही त्याच लोकांनी त्याच शतकात घडवलं, आणि त्याची किंमत किती जबर आहे तेही त्यांनीच दाखवून दिलं. आपल्याकडे ते उत्तर फुकट वापरतात, तक्रार एवढीच आहे.

डार्विनपासून सुरुवात करू कारण सगळे तिथूनच करतात. 30 जून 1860, ऑक्सफर्ड, बिशप विल्बरफोर्सने डार्विनचा पाठीराखा जीवशास्त्रज्ञ हक्सली याला विचारलं की माकड तुमच्या आजोबांकडून की आजीकडून, आणि हक्सलीने त्याला जागेवर गार केलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या सभेचं शब्दशः टिपण कुणी ठेवलेलं नाही, आज आपण ऐकतो तो किस्सा बराचसा नंतरच्या आठवणींतून जुळवलेला आहे, आणि तिथे हजर असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला तर वाटत होतं की बाजी हक्सलीने नाही, आपणच मारली. 'धर्म आणि विज्ञान यांचं युद्ध' ही चौकट लोकांच्या डोक्यात बसवली ती ड्रेपर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या 1874 च्या पुस्तकाने. प्रत्यक्षात काय चाललं होतं? चार्ल्स किंग्जली हा पाद्री, डार्विनच्या पुस्तकाची आगाऊ प्रत वाचून 1859 मध्येच त्याला कळवतो की स्वतःला घडवत जाणारे जीव निर्माण करणारा देव हीसुद्धा तितकीच थोर कल्पना आहे. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारा एसा ग्रे हा चर्चला जाणारा प्रेस्बिटेरियन. फ्रेडरिक टेंपल या पाद्र्याने 1884 च्या आपल्या व्याख्यानांत उत्क्रांती मान्य केली, आणि बारा वर्षांनी तोच कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून निवडला गेला. स्वतः डार्विनला 1882 मध्ये पुरलं कुठे, तर वेस्टमिन्स्टर ॲबीत. हे युद्ध असेल तर फारच विचित्र युद्ध म्हणायचं.

आता समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा. विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याचं 1802 चं आर्ग्युमेंट, की रस्त्यात घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच, तसंच डोळा आणि पंख बघितले की निर्माता असणारच, हे इंग्लंडमध्ये दोन पिढ्या लोक श्वास घेतल्यासारखं मानत होते, आणि ते नैसर्गिक निवडीने खरोखर मोडलं. डार्विनने आत्मचरित्रात तसं स्वच्छ लिहिलंय. ह्यूम आणि कांट या तत्त्वज्ञांनी अठराव्या शतकातच त्या आर्ग्युमेंटचा तार्किक पाया उखडला होता हे खरं, पण पाया उखडूनही इमारत उभी होती कारण 'मग डोळा झाला कसा' याला दुसरं उत्तर नव्हतं. ते डार्विनने दिलं. हे मोठं काम आहे आणि मी ते कमी लेखत नाही.

पण तेच आत्मचरित्र नीट वाचा ना. डार्विनची ख्रिस्ती श्रद्धा का गेली याची कारणं तो स्वतः देतो, आणि त्यात उत्क्रांतीच्या गोष्टीत हमखास येणारे फिंच पक्षी कुठेच नाहीत. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, जगाचा इतिहास उघड खोटा आहे, त्यातला देव सूड घेणाऱ्या जुलमी राजासारखा वागतो, चमत्कारांवर विश्वास बसत नाही, शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, त्या घटनांच्या वेळीच लिहिली गेली असं सिद्ध करता येत नाही आणि ती तपशिलात एकमेकांशी जुळत नाहीत. ही बहुतेक इतिहासाची कारणं झाली. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की ख्रिस्ती धर्म खरा असावा असं कुणाला वाटूच कसं शकतं, कारण तो खरा असेल तर श्रद्धा न ठेवणारे, म्हणजे माझे वडील, माझा भाऊ आणि माझे जवळपास सगळे जिवलग मित्र, कायमचे नरकात जाणार, आणि ही शिकवण घृणास्पद आहे. हे नीतीचं कारण. 1887 मध्ये आत्मचरित्र छापलं तेव्हा घरच्यांनी हा मजकूर गाळला, तो पुन्हा आला थेट 1958 मध्ये त्याच्या नातीने काढलेल्या आवृत्तीत. म्हणजे ज्या भागात डार्विन चर्चला सगळ्यात जोरात मारतो तो भाग घरच्यांना लपवावासा वाटला, आणि उत्क्रांती मात्र पुस्तकांच्या दुकानात उघड विकली जात होती.

'ठीक आहे, पण सामान्य माणसाचं काय, तो तर विज्ञानाच्या हवेतच बदलला' असंही म्हणतात. मुळात इंग्लंडमधला कामगार डार्विनच्या आधीच चर्चपासून तुटायला लागला होता, 1851 च्या धार्मिक जनगणनेत लाखो लोक त्या रविवारी कुठल्याच प्रार्थनेला गेले नव्हते हे बघून सरकारलाच धक्का बसला होता, आणि त्यामागे गिरण्या, झोपडपट्ट्या, भाड्याने दिलेली चर्चमधली बाकं असली कारणं जास्त होती. आणि जे विचार करून नास्तिक झाले त्यांचं काय? सूझन बड या अभ्यासक बाईंनी 1967 मध्ये तिथल्या सेक्युलर चळवळीतल्या कार्यकर्त्यांची चरित्रं आणि मृत्युलेख काढून तपासले, तर बहुतेकांनी श्रद्धा जाण्याचं कारण म्हणून बायबलवर टीका करणारा लेखक टॉमस पेन दिला आणि खुद्द बायबल दिलं. बायबल नीट वाचलं म्हणून बायबल सुटलं. डार्विन आणि हक्सलीचं नाव घेणारे मोजके.

इतिहासाचा मार कसा बसला हे बघायचं तर इंग्लंड सोडून जर्मनीत जावं लागतं. टुबिंगनच्या धर्मशास्त्राच्या मठीत शिकवणारा डेव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस, वय सत्तावीस, 1835 मध्ये येशूच्या चरित्रावर एक जाडजूड पुस्तक काढतो. तोवर शुभवर्तमानांतल्या चमत्कारांबद्दल दोन पक्ष होते. एक म्हणायचा घडलं म्हणजे घडलं. दुसरा, पाउलुससारखा बुद्धिवादी, म्हणायचा की घडलं पण त्याला नैसर्गिक कारण आहे. म्हणजे येशू पाण्यावर चालला नाही, तो किनाऱ्याने चालला होता आणि धुक्यात शिष्यांना तसं वाटलं. पाच हजार माणसं पाच भाकरींत जेवली नाहीत, येशूने आपलं वाटायला काढलं तेव्हा बाकीच्यांनी लाजून आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. ओळखीचं वाटतंय ना? पुराणातल्या प्रत्येक गोष्टीला 'शास्त्रीय कारण' शोधणारी आणि पुष्पक विमानाचं इंजिन हुडकणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. श्ट्राउसने या दोन्ही पक्षांना एकदम उचलून आपटलं. त्याचं म्हणणं असं की पाउलुस चमत्कार वाचवायच्या नादात गोष्टीचा अर्थच मारून टाकतो, जी गोष्ट लिहिणाऱ्याने देवाचं सामर्थ्य सांगायला लिहिली तिचं तुम्ही हवामानाचं वृत्त केलंत. ही मिथकं आहेत, कुणी लबाडीने रचलेली नाहीत, मसीहाची, म्हणजे येणाऱ्या तारणहाराची, वाट बघणाऱ्या समाजाने जुन्या कराराच्या साच्यात ओतलेली आहेत. यात एकही प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही. चार मजकूर शेजारी शेजारी ठेवायचे आणि प्रामाणिकपणे वाचायचे, बस.

त्याची नोकरी गेली. 1839 मध्ये झ्युरिकच्या सरकारने त्याला धर्मशास्त्राचा प्राध्यापक नेमलं तर लोक इतके खवळले की त्याला एकही लेक्चर न देता पेन्शनवर घरी बसवावं लागलं, आणि तरीही सप्टेंबरमध्ये खेड्यापाड्यातून शस्त्रं घेऊन माणसं शहरात आली आणि सरकारच पडलं. डार्विनच्या पुस्तकाने कुठलं सरकार पडल्याचं मी तरी वाचलेलं नाही. याच पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मेरियन इव्हान्स नावाच्या तरुणीने केलं, 1846 मध्ये, तिचं नाव न छापता. पुढे ती जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार झाली. ही मुलगी आधी कट्टर धार्मिक, आणि 1842 मध्ये वडिलांबरोबर चर्चला जायला नकार देऊन मोकळी झालेली, म्हणजे डार्विनचं पुस्तक यायच्या सतरा वर्षं आधी.

इथे कुणी म्हणेल की ही इतिहासाची चिकित्सा हेही वैज्ञानिक वृत्तीचंच पोर आहे, मग फरक काय पडला? मुद्दा चांगला आहे पण कालक्रम उलटा आहे. तत्त्वज्ञ स्पिनोझा बायबल असं वाचत होता 1670 मध्ये. बायबलची चिकित्सा करणाऱ्या रायमारुस या जर्मन विद्वानाची हस्तलिखितं लेखक लेसिंगने 1774 पासून छापायला घेतली. मजकूर, प्रत, पाठभेद, लेखकाचा काळ, ही हत्यारं भाषाशास्त्राच्या आणि खुद्द धर्मशास्त्राच्या कारखान्यात घडली, आणि ती घडली ती बायबलवर प्रेम होतं म्हणून. प्रॉटेस्टंट पंथाने 'फक्त शास्त्रवचन' असं म्हणून एका ग्रंथावर सगळा भार टाकला, मग त्या ग्रंथाची शुद्ध प्रत कुठली हे शोधणं ओघानेच आलं.

इंग्लंडमध्ये हा मार 1860 मध्ये पोचला, डार्विनच्या पुस्तकानंतर चारच महिन्यांनी. सात जणांनी, त्यातले सहा पाद्री, निबंधांचा एक संग्रह काढला आणि त्यात सांगितलं की बायबल इतर कुठल्याही ग्रंथासारखं वाचा. डार्विनची पहिली आवृत्ती 1250 प्रतींची होती, या संग्रहाच्या दोन वर्षांत वीस हजारांवर प्रती गेल्या. दोघांवर चर्चच्या कोर्टात खटला झाला, ते दोषी ठरले, अपील प्रिव्ही कौन्सिल या वरच्या कोर्टात गेलं आणि 1864 मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड वेस्टबरी यांनी दोघांना सोडलं. एकावरचा आरोप काय होता, तर नरकाची शिक्षा कायमची नसेल अशी आशा त्याने व्यक्त केली होती! कोर्ट म्हणालं अशी आशा धरायला बंदी नाही. तेव्हा एक विनोद फिरला की वेस्टबरीने नरकाचा दावा खर्चासकट फेटाळला आणि सनातनी ख्रिश्चनांची अनंतकाळच्या शिक्षेची शेवटची आशा हिरावून घेतली. विनोद सोडा, पुढे काय झालं बघा. जवळपास अकरा हजार पाद्र्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या की बायबल संपूर्ण ईश्वरप्रेरित आहे आणि नरक कायमचाच आहे. अकरा हजार सह्या माकडासाठी नाही झाल्या, नरकासाठी झाल्या.

आणि कोलेन्सो. मला या शतकातला सगळ्यात आवडता माणूस हाच. दक्षिण आफ्रिकेत नातालचा बिशप, मूळचा गणिती, त्याची अंकगणिताची पुस्तकं इंग्लंडच्या शाळांत चालायची. झुलू भाषेत बायबल आणताना त्याचा झुलू सहकारी विल्यम न्गिदी महापुरातल्या नोहाच्या नौकेच्या गोष्टीशी थांबला आणि विचारलं, हे सगळं खरं आहे का? गरम देशातली, थंड देशातली, सगळी जनावरं जोडीजोडीने आली, आणि नोहाने सगळ्यांना खायला गोळा केलं? कोलेन्सोला भूगर्भशास्त्र माहीत होतं, आख्ख्या पृथ्वीवर पूर येणं शक्य नाही हे ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडून खोटं निघेना. मग हा गणिती मोशेच्या पुस्तकांचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, हिशोब मांडायला बसला. इजिप्तमधून सहा लाख पुरुष निघाले म्हणजे बायकामुलं धरून वीस लाखांच्या वर, ती वाळवंटात राहिली कुठे, एका तंबूच्या दारासमोर उभी कशी राहिली, पुजारी मोजून तीन आणि बळी एवढे, ते दिले कुणी. 1862 मध्ये पहिला भाग आला. मिशनरी साहेब नेटिव्हांना धर्म शिकवायला गेला आणि नेटिव्हाने त्यालाच बाटवला अशी टर उडाली. केपटाउनच्या बिशपने त्याला पदावरून काढलं, प्रिव्ही कौन्सिलने ते काढणं रद्द ठरवलं. पण लोक हिशोबाचंच लक्षात ठेवतात आणि त्याच्या आदल्या वर्षीचं विसरतात. 1861 मध्ये त्याने बायबलमधल्या रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं आणि अनंतकाळच्या नरकाची शिकवण नाकारली. तुमचे वाडवडील येशूचं नाव न ऐकता गेले म्हणून कायम जळताहेत, हे झुलूंच्या तोंडावर सांगणं त्याला जमेना. पुढे इंग्रज सरकारने झुलूंवर अन्याय केला तेव्हा हाच बिशप सरकारशी भांडला. त्याचा हिशोब आणि त्याची नीती वेगळी करता येत नाही.

नीतीचा हा धागा शतकभर दिसतो. श्लायरमाखर, ज्याला आधुनिक प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राचा बाप म्हणतात, तो 1787 मध्ये अठरा वर्षांचा असताना सैन्यातल्या पाद्री बापाला पत्र लिहितो की येशूचं मरण हे आमच्या बदल्यातलं प्रायश्चित्त होतं असं मला मानवत नाही, कारण देवाने माणसाला परिपूर्ण केलंच नाही, फक्त परिपूर्णतेकडे धडपडायला केलं, मग तिथे पोचला नाही म्हणून तो त्याला कायमची शिक्षा का देईल? 1853 मध्ये मॉरिस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून काढलं, कारण तेच, अनंतकाळच्या शिक्षेवर शंका.

आता दुसऱ्या गृहस्थांकडे येऊ, 'ते त्यांच्या धर्माचं दुखणं' म्हणणाऱ्या. यातला अर्धा भाग मी मान्य करतो. ख्रिस्ती धर्म एका विशिष्ट काळात घडलेल्या विशिष्ट घटनेवर उभा आहे, पुनरुत्थान झालं नसेल तर आमचा विश्वास फुकट असं येशूचा प्रेषित पौल स्वतःच लिहून बसलाय, त्यामुळे इतिहासाचा घाव त्यांना जितका खोल जातो तितका आपल्याकडे जात नाही. कृष्णाचा जन्म कुठल्या साली यावर कुणा वारकऱ्याचं काही अडत नाही. पण नीतीच्या प्रश्नाला देशबिश नसतो, आणि याचा पुरावा आपल्याच माणसांनी ठेवलाय. 1831 मध्ये मुंबईत मोरोभट्ट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला, तिथे दोघंही एकमेकांच्या देवांच्या वागणुकीची उलटतपासणी करत होते. कंपनीच्या नोकरीतल्या जॉन म्यूरने 1839 मध्ये संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू मताची परीक्षा घेतली, तर काशीत वाढलेल्या नीळकंठ गोरे या चित्पावन तरुणाने विशीत संस्कृतातच उत्तर दिलं, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय', 1844-45. त्यात तो कर्मसिद्धान्ताच्या बाजूने जे भांडतो ते थेट देवाच्या न्यायावर, एका छोट्या आयुष्यातल्या पापाला कायमची शिक्षा कशी, आणि ज्यांनी पूर्वी काही केलंच नाही त्यांच्या वाट्याला दुःख का. लंडनमध्ये मॉरिसची नोकरी ज्या प्रश्नाने गेली तो काशीतल्या शास्त्र्याने आठ-नऊ वर्षं आधी विचारून ठेवला होता, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. हाच गोरे 1848 मध्ये स्वतः ख्रिस्ती झाला, आणि पुढे आयुष्यभर शंकांनी पोखरला गेला, ही वेगळी आणि मोठी गोष्ट.

आणि कर्मसिद्धान्तालाही तोच प्रश्न लागू होतो की नाही? न केलेल्या आणि न आठवणाऱ्या पापाबद्दल कुणाला जन्मभर विहिरीवर पाणी भरू न देणं हा न्याय कसा? फुल्यांनी हेच विचारलं. त्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना, आणि तिथला प्रकार बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या वादात ग्रंथाच्या शब्दावर बोट ठेवून भांडायचं तर दक्षिणेतले पाद्री जड होते. अब्राहामाकडे दासदासी होत्या, लेवीयच्या पुस्तकात परक्यांना विकत घ्यायची मुभा आहे, पौल ओनेसिमस या पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवतो. गुलामगिरी हे पाप आहे म्हणणाऱ्यांना ग्रंथाच्या अक्षरापलीकडे जाऊन 'असला देव कसा असेल' असंच म्हणावं लागलं. अमेरिकेतला बॅप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ त्यावरून 1845 मध्ये फुटला. तो वाद युद्धाने सुटला, शास्त्रार्थाने नाही, आणि 'आमच्या ग्रंथात असं काही नाहीच' म्हणून झटकून टाकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तो वाद एकदा नीट वाचावा.

राहिलं 'श्रद्धा हा अनुभवाचा विषय'. हे वाक्य आपल्या मातीतलं आहे असं लोकांना वाटतं, संतांची साक्ष काढतात, आणि संतांकडे अनुभव होताच, नाही कोण म्हणतं. पण टीकेपासून वाचायची ढाल म्हणून ते ज्या पद्धतीने आज वापरतात ती पद्धत बर्लिनची आहे. कांटने दाखवलं की बुद्धीने देव सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, ज्ञानाला बाजूला सारून श्रद्धेला जागा करून दिली असं तो म्हणाला. त्या जागेत श्लायरमाखर शिरला. 1799 मध्ये धर्माची टिंगल करणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून त्याने सांगितलं की धर्म म्हणजे माहिती नाही आणि नीतिनियमही नाहीत, धर्म म्हणजे एक जाणीव, आणि पुढे तिला नाव दिलं, संपूर्ण परावलंबनाची भावना. हुशार चाल होती. आता ना भूगर्भशास्त्र त्याला हात लावू शकत होतं ना श्ट्राउस. पण तत्त्वज्ञ हेगेलने 1822 मध्ये एका प्रस्तावनेत टोला हाणला की परावलंबनाची भावना हाच धर्म असेल तर सगळ्यात चांगला ख्रिश्चन कुत्रा म्हणायला हवा. टोला जरा खालच्या पातळीवरचा होता, पण लागला. भावना कशाबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय ती खरी की खोटी, चांगली की वाईट हे ठरत नाही, आणि सांगायला गेलात की परत तर्काच्या अंगणात आलात. मग 1841 मध्ये फॉयरबाख, हाही धर्मशास्त्र शिकायला गेलेला, म्हणाला की सगळं भावनेतच आहे ना, तर मग देव म्हणजे माणसाने स्वतःचेच चांगले गुण आभाळात टांगून त्यांच्यापुढे टेकलेले गुडघे. फॉयरबाखचा युक्तिवाद मला तितका पक्का वाटत नाही, एखादी कल्पना मनाच्या गरजेतून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण त्याला दार कुणी उघडून दिलं? 'हा फक्त अनुभव आहे' म्हणणाऱ्यांनीच.

याहून भारी प्रकार इंग्लंडात झाला. 1858 मध्ये मॅन्सेल या पाद्री-प्राध्यापकाने ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत मांडलं की अनंत देव सांत, म्हणजे मर्यादित, बुद्धीच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून बायबलमधला देव क्रूर वाटला तरी आपल्या नीतीच्या फूटपट्टीने त्याला मोजू नका, देवाचं चांगलेपण आपल्या चांगलेपणासारखं असेलच असं नाही. श्रोते खूश, नास्तिकांची तोंडं बंद झाली. चारच वर्षांत तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने तेच आर्ग्युमेंट उचललं आणि म्हणाला, बरोबर, ते तत्त्व अज्ञेय आहे, मग तुम्ही रोज त्याच्याबद्दल एवढं बोलता कशाला? चर्चचा बचाव म्हणून तयार झालेला युक्तिवाद अज्ञेयवादाच्या कामी आला, आणि ज्या स्पेन्सरला आगरकर आणि पुण्यामुंबईची सगळी शिकलेली पिढी डोक्यावर घेऊन बसली त्याच्या त्या 'अज्ञेया'मागे एक धर्मनिष्ठ पाद्री उभा आहे. फांदीवर बसून फांदी तोडणं याहून वेगळं काय असतं. आणि 1865 मध्ये तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने जे उत्तर दिलं ते मी या शतकातलं सगळ्यात धीट वाक्य मानतो. माझ्या बांधवांबद्दल बोलताना चांगलं या शब्दाने मी जे म्हणतो, तसं जे नाही त्याला मी चांगलं म्हणणार नाही, आणि तसं म्हटलं नाही म्हणून असली शक्ती मला नरकात टाकणार असेल, तर मी नरकात जाईन. आता सांगा, 'देवाची लीला तुम्हाला कळणार नाही' या वाक्याला आपल्याकडे मिलएवढं सरळ उत्तर कितीजण देतात?

न्यूमन या इंग्रज पाद्र्यासारखी माणसं होती ज्यांनी इतिहासाला पाठ दाखवली नाही, शिकवण काळाबरोबर वाढत जाते असं 1845 मध्ये मांडून तो कॅथलिक झाला, आणि ते उत्तर मला अजूनही आदर करण्यासारखं वाटतं. रोमने, म्हणजे पोपच्या चर्चने, उलटा रस्ता धरला, 1864 मध्ये आधुनिक चुकांची यादीच काढली, 1870 मध्ये पोप अचूक ठरवला, आणि त्याला विरोध करणाऱ्या डॉलिंगरसारख्या मोठ्या इतिहासकाराला पुढच्या वर्षी बहिष्कृत केलं. त्यावर जास्त काय बोलायचं.

खरा अवघड माणूस एकच, डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्ड. श्रद्धा तर्काने मिळत नाही, ती तर्काला खटकणारच, हे त्याच्याइतक्या ताकदीने कुणी लिहिलं नाही, आणि 'श्रद्धा तर्कापलीकडे' म्हणणाऱ्याला कुणाचा आधार घ्यायचाच असेल तर याचा घ्यावा. पण मग पूर्ण घ्यावा. हा माणूस शेवटच्या वर्षी पदरचे पैसे घालून पत्रकं काढत होता, कुणाविरुद्ध? नास्तिकांविरुद्ध नाही, डेन्मार्कच्या सरकारी चर्चविरुद्ध, पगारी पाद्र्यांविरुद्ध, सगळा देश जन्माने ख्रिस्ती असतो या भंपकपणाविरुद्ध. 1855 मध्ये मरताना त्याने पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. श्रद्धा एकट्याने, भीतीने थरथरत करायची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्याला तिच्या नावाने झुंड जमवता येत नाही, ट्रस्ट चालवता येत नाही, कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून पोलिसांत जाता येत नाही. आपल्या वादांत श्रद्धा टीकेच्या वेळी खासगी असते आणि मिरवणुकीच्या वेळी सार्वजनिक होते, या दोन गोष्टी एकदम मिळणार नाहीत हे कुणीतरी सांगायला हवं.

प्रश्न आणि श्रद्धा एकत्र कसे नांदतात हे बघायचं तर पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टर्सना, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींना, वाटलं की आता बाई आपल्या. बाईंनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर प्रश्न विचारले, येशूच्या देवत्वावर विचारले, चर्चच्या अधिकारावर विचारले. 1885 च्या एका पत्रात त्यांनी कळवलं त्याचा मतलब असा, की आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी आत्ता कुठे मोठ्या कष्टाने उतरवलंय, पाद्री सांगतील ते देवाची आज्ञा म्हणून मानून लगेच दुसरं तसलंच जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. सिस्टर जेराल्डीनला हा गर्व वाटला, बुद्धीचा ताठा वाटला, आणि नम्र व्हा असा उपदेश करणारी पत्रं येत राहिली. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या आणि ख्रिस्तीही राहिल्या, आणि शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल स्वतः मराठीत आणण्यात घालवली. त्या 1922 मध्ये गेल्या, पुस्तक त्यांच्यानंतर बाहेर आलं.